खालांचा लोटा

बरेच दिवसांत काही लिहिलं नाही. गुडघ्यांनी दगा दिलाय, आणि एका बोटानं टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो. पण परवा एक प्रसंग घडला आणि म्हटलं, हे लिहायलाच हवं.

पुण्याहून आलेल्या नातीला सोडायला नांदेड स्टेशनवर गेले होते. गाडीला उशीर, म्हणून बायकांच्या प्रतीक्षालयात बसलो. माझ्याच वयाच्या एक मुसलमान बाई आल्या, बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि बेसिनपाशी उभं राहून हात-तोंड धुऊ लागल्या. शेवटी एका हातानं भिंत धरून त्यांनी कसाबसा पाय बेसिनच्या काठापर्यंत उचलला. शेजारची एक बाई कुरकुरली, "तोंड धुवायच्या जागी पाय धुतायत!" त्या बिचाऱ्या ओशाळल्या. दुसरा पाय त्यांनी रिकाम्या बाटलीत पाणी भरून, मोरीच्या जाळीवर कसाबसा धुतला.

नातीनं मला हळूच विचारलं, "आजी, त्या काय करत होत्या?"

म्हटलं, "वजू."

"म्हणजे?"

तिला थोडक्यात सांगितलं. पण गाडी गेल्यावर घरी येईपर्यंत मला सारख्या आमच्या खाला आठवत होत्या. इतिहासाची शिक्षिका मी. तीस-पस्तीस वर्षं मुलांना बहामनी, निजामशाही, आसफजाही शिकवली. पण भिंतीपलीकडची बाई दिवसातून पाच वेळा काय करते, याचा इतिहास कधी शिकवला नाही. तो पुस्तकात नव्हताच.

आधी नातीला सांगितलं ते सांगते. नमाजाच्या आधी हातपाय धुऊन शुद्ध व्हायचं, तो वजू. कुराणाच्या पाचव्या सुऱ्यात, सहाव्या आयतीत त्याची आज्ञा आहे. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी परंपरेचे. त्यांच्या हिशेबानं चार गोष्टी सक्तीच्या: तोंड धुणं, कोपरापर्यंत हात धुणं, ओला हात डोक्यावरून फिरवणं आणि घोट्यापर्यंत पाय धुणं. बाकी मनगटापर्यंत हात, तीन चुळा, नाकात पाणी, कानांच्या पाळ्यांमागून ओलं बोट, हे पैगंबरांच्या रिवाजाप्रमाणे. आधी उजवं, मग डावं. सारं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम.

बायकांची आणि पुरुषांची रीत एकच. पण बाईच्या अंगावर किती गोष्टी असतात! अंगठी हलवायची, म्हणजे खाली पाणी जाईल. बांगड्या मागं सारायच्या. नथ, चमकी फिरवायची. ओढणीवरून ओला हात फिरवून चालत नाही, तो केसांनाच लागला पाहिजे. मेंदी चालते, कारण ती नुसता रंग आहे. नखांचं पॉलिश चालत नाही, कारण त्याचा थर बसतो आणि पाणी नखाला पोचत नाही. आणि कणीक! नखात वाळून बसलेलं पीठ काढल्याशिवाय वजू पुरा होत नाही. आमच्या खाला भाकरी थापून झाल्यावर बाभळीच्या काट्यानं एकेक नख कोरत बसायच्या. मला वाटायचं, काय ही बाई टापटिपीची! त्यामागं शास्त्र आहे हे फार उशिरा कळलं.

हे सारं बायकांना कोण शिकवत होतं? आईच शिकवायची, दुसरं कोण. छापील पुस्तक आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. उत्तर हिंदुस्थानातल्या थानाभवनच्या मौलाना अशरफ अली थानवींनी खास बायकांसाठी उर्दूत 'बहिश्ती जेवर' लिहिलं. बहिश्ती जेवर म्हणजे स्वर्गातला दागिना. नखातल्या पिठापर्यंतचे बारकावे त्यात आहेत, आणि लेकीला सासरी धाडताना कुराणाबरोबर हे पुस्तक द्यायची पद्धत पडली. पण ज्यांना अक्षरओळख नाही त्यांचं काय? त्याआधी कितीतरी वर्षं दख्खनच्या सूफींनी बायकांसाठी चक्कीनामे, चरखेनामे रचले होते. दळता-कातताना म्हणायची दखनी गाणी, ईश्वराच्या नामस्मरणाची. विजापूरच्या सूफींवर काम केलेले इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्यांच्याविषयी लिहिलंय. आपल्या जात्यावरच्या ओव्यांच्या या सख्ख्या बहिणीच. खाला पहाटे दळताना काहीतरी गुणगुणायच्या. मी कधी कान देऊन ऐकलं नाही. आता काय उपयोग म्हणा.

बरं, पाण्याचा इतिहास पाहावा तर तो सगळा पुरुषांचा. मशिदीतला हौद घ्या. हा आपला 'हौद' शब्दच अरबी 'हौज'पासून आलेला. हौदाचं मापसुद्धा ठरलेलं: दह दर दह, म्हणजे दहा हात बाय दहा हात. एवढं मोठं साठवणीचं पाणी असलं की हनफी शास्त्रात ते वाहत्या पाण्यासारखं मानतात. शेकडो लोकांनी काठावर बसून वजू केला तरी ते बाटत नाही. म्हणून राजे-सरदारांनी हौद बांधले, नहरी आणल्या. औरंगाबादेत मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी शहरात खेळवलं. पुढं बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की आली, तिथलं पाणीही डोंगराकडून मातीच्या नळांतून येई. शाळेची सहल मी तिथं चार-पाच वेळा तरी नेली असेन. मुलांना सांगायचे, बघा केवढी योजना! त्या हौदावर कोण वजू करत असेल आणि कोण नसेल, हा प्रश्न एकाही सहलीत मला पडला नाही.

बायका मशिदीत जात नसत. आपल्याकडे तसा रिवाजच नव्हता. शिवाय वजूला बाह्या वर कराव्या लागतात, डोकं उघडं करावं लागतं, म्हणजे आडोसा हवा. तेव्हा बाईचा वजू घरच्या न्हाणीत, तोटीच्या लोट्यानं, स्वतःच वाहून आणलेल्या पाण्यानं. बड्या घरी भिश्ती पखाल घेऊन यायचा. हा 'भिश्ती' आणि वरचा 'बहिश्ती' शब्द एकच बरं का! पाणी आणून देणारा तो स्वर्गातला माणूस. पण पखालीचं भाग्य किती घरांना? खेड्यातल्या मुसलमान बाईनं आमच्या आयांसारखीच डोक्यावर घागर वाहिली. मशिदीच्या हौदाचा कुठं शिलालेख सापडतो, कुठं दानपत्र. घागरीला कुणी शिलालेख लिहीत नाही.

पुढचं लिहायला आजवर धीर झाला नव्हता. नातलग मंडळी वाचतात, त्यांतल्या काहींना आवडणार नाही. पण आता पंचाहत्तरी आली.

आमचं गाव औसा तालुक्यात. आता लातूर जिल्ह्यात येतं, पण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. तेव्हा आम्ही उस्मानाबादेत मोडत होतो. घराच्या उजव्या भिंतीला भिंत लागून खालांचं घर. दोन्ही घरांत एकेक आड. आई कडक सोवळ्याची. पाणी भरायचं तर ओलेत्यानं, घागर कुणी शिवायची नाही. खाला हे सगळं जाणून होत्या. वाटीभर साखर द्यायला आल्या तरी ओसरीच्या कडेला ठेवायच्या आणि हाक मारायच्या, "वैनी, ठेवली बरं का!" आई त्यांना भाबी म्हणायची. प्रेम होतं हो, खोटं नाही सांगत. पण ते ओसरीच्या कडेपर्यंत.

आज वाटतं, शुद्धीसाठी दिवसभर पाण्याशी झटणाऱ्या या दोन बायका एका भिंतीच्या दोन बाजूंना होत्या. दोघींनाही दुसरीचं शास्त्र काय आहे ते ठाऊक नव्हतं. म्हणजे खालांना आमचं ठाऊक होतं. आम्हाला त्यांचं नव्हतं.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी मंडळी आता कमी राहिली. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. मी नुकतीच नांदेडला नोकरीला लागले होते. १९७३ च्या मे महिन्यात सुट्टीला घरी गेले, तर आमचा आड कोरडा ठाक. खालांच्या आडाला मात्र तळाशी थोडा पाझर होता. रात्रभर साचून सकाळी चार-पाच घागरी निघायच्या, बस.

मी गेले त्याच दिवशी खालांनी मुलाच्या हाती एक घागर पाठवली. आईनं ती नाही म्हटली नाही. मुलगा वळल्यावर मात्र ती म्हशीपुढच्या घमेल्यात ओतली. आणि खाला दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं.

काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "वैनी, तुमचा दोर, तुमचा पोहरा घेऊन या. तुमच्या हातानं शेंदा. आमी कुनी शिवनार न्हाई." जमिनीतल्या पाण्याला विटाळ नाही, असं आईचं शास्त्र. तिला ते पटलं. तेव्हापासून रोज सकाळी आई आणि मी खालांच्या परड्यात जाऊन आमच्या दोरानं पाणी शेंदायला लागलो. दोन घागरी आम्ही घ्यायच्या, उरलेल्यांत त्यांचं सहा माणसांचं घर. खाला तेव्हा दूर, चुलीपाशी जाऊन बसायच्या. आम्हाला संकोच नको म्हणून.

एके दिवशी दुपारी मी दोर विसरला म्हणून एकटीच गेले. खाला खडीच्या कामावरून नुकत्याच आल्या असाव्यात. परड्याच्या मातीच्या भिंतीसमोर त्या उभ्या होत्या. दोन्ही तळवे त्यांनी भिंतीवर थोपटले, झटकले आणि तोंडावरून फिरवले. पुन्हा थोपटले आणि हातांवरून कोपरापर्यंत फिरवले. मग चटई अंथरली आणि नमाजाला उभ्या राहिल्या.

मी थक्क. नमाज झाल्यावर विचारलं, "खाला, हे काय?"

त्या हसल्या. आमच्याशी त्या मराठी बोलायच्या, पण तेव्हा दखनीत म्हणाल्या, "पानी नै सो मट्टी, बेटी."

मी घरी येऊन सांगितलं की खाला भिंतीची पूजा करतात. नक्कल करून दाखवली. भावंडं पोट धरधरून हसली, आईसुद्धा हसली. तेवीस वर्षांची बीए झालेली मुलगी होते मी, इतिहास विषय घेऊन. हसणं भिंतीपलीकडे गेलं असणार, एका विटेची तर भिंत. सुट्टी संपली, मी नांदेडला परतले. खाला १९८० च्या सुमारास गेल्या. त्यांचा तो तोटीचा लोटा घरात कोणाकडे गेला, कुणास ठाऊक.

पुढची गोष्ट २०१६ ची. निवृत्तीनंतर मी लातूरला राहायला आले होते. मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली, १४४ कलम! एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा टँकर, पाच लाख लिटर. 'जलदूत' नाव दिलं होतं तिला. पुढं पन्नास टँकरची गाडी येऊ लागली आणि ऑगस्टपर्यंत येत राहिली. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. लोक पाणी कुलपात ठेवायचे, हे डोळ्यांनी पाहिलंय.

त्यात ७ जूनला रमजान सुरू झाला. माझी एक जुनी विद्यार्थिनी दोन गल्ल्या सोडून राहते, तिलाही आता नातवंडं आहेत. तिच्याकडे इफ्तारला गेले होते. न्हाणीत एक घमेलं, त्यात लाकडी पाट, आणि पाटावर बसून तिच्या सुना एका लोट्यात वजू उरकत होत्या. घमेल्यातलं पाणी संडासाला. मी म्हटलं, एवढ्याशा पाण्यात होतं का गं?

म्हणाली, "बाई, पैगंबर साहेब एका मुद्दमध्ये करायचे. मुद्द म्हणजे आपलं पाऊण-एक लिटर धरा. नळ आले आणि आम्ही बिघडलो. नळ सोडून वजू केला की बादली जाते. वाहत्या नदीवर बसलात तरी पाणी वाया घालवू नका, असं सांगितलेलं आहे आम्हाला. तेव्हा आम्ही असरचा वजू मगरिबपर्यंत सांभाळतो. मोडला नाही तर पुन्हा करायची गरज नसते."

मी सहज विचारलं, "आणि पाणीच नसलं तर?"

"तर तयम्मुम. मातीनं." आणि तिनं हात उचलून तळवे हवेत थोपटून दाखवले, तोंडावरून फिरवले, मग कोपरापर्यंत.

अंगावर काटा आला माझ्या. त्रेचाळीस वर्षांनी तीच भिंत समोर उभी राहिली.

तिनंच मला ती कथा सांगितली, नंतर मी वाचूनही काढली. एका प्रवासात हजरत आयेशांचा गळ्यातला हार हरवला. तो शोधायला सगळा तांडा थांबला आणि थांबला तो नेमका पाणी नसलेल्या जागी. लोक कुरकुरले. आयेशांचे वडील, अबू बक्र, मुलीला रागावले, तुझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा झाला म्हणून. आणि तिथंच मातीनं शुद्ध होण्याची आयत उतरली, असं परंपरा सांगते. उंट उठवला तर हार त्याच्याखालीच सापडला! एका बाईच्या हरवलेल्या दागिन्यातून ही सवलत आली. जगभरचे मुसलमान आजारपणात, प्रवासात, दुष्काळात ती वापरतात.

अशा गोष्टी बायकांनीच विचारून घेतलेल्या दिसतात. हजरत उम्मे सलमांनी पैगंबरांना विचारलं होतं की माझी वेणी घट्ट असते, तर नहाताना ती सोडलीच पाहिजे का? उत्तर मिळालं, नको, डोक्यावर तीन ओंजळी पाणी पुरे. लांब केसांच्या बायकांचं केवढं पाणी आणि केवढा वेळ वाचला त्या एका प्रश्नानं!

पण मला खुपत होतं ते वेगळंच. मी म्हटलं, "अगं, आमच्या खालांच्या आडाला तर पाणी होतं. मग त्यांनी मातीनं का केला? तो चालला का?"

तिनं आधी सगळी हकिकत ऐकून घेतली. घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनाही विचारून आली. मग म्हणाली, "चालला बाई. पाणी आहे, पण ते वजूला खर्च केलं तर प्यायला उरणार नाही, अशी भीती असली तर तयम्मुम चालतो. आणि तहान फक्त आपली धरत नाहीत. सोबत्याची तहानही धरतात. जनावराचीसुद्धा."

मंडळी, सोबती म्हणजे आम्ही. आणि जनावर म्हणजे आमची म्हैस, जिच्यापुढं आईनं ती घागर ओतली होती.

आई तेव्हा नव्हती. असती तर तिला सांगितलं असतं का, ठाऊक नाही.

आता काळ बदललाय. बऱ्याच मशिदींत हौदाच्या जागी नळांच्या रांगा आणि समोर दगडी ओटे आलेत. पुण्याच्या एका दाम्पत्यानं २०१९ मध्ये बायकांच्या मशीद प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २०२० मध्ये सांगितलं की बायकांना मनाई नाही, सक्तीही नाही. मनाई नाही हे ठीक, पण गेल्यावर त्यांनी वजू कुठं करायचा? आडोसा हवा, निराळे नळ हवेत. हक्क कागदावर मिळतो, मोरी बांधावी लागते, असं माझी विद्यार्थिनी म्हणते. बोलायला फटकळच आहे ती, शाळेतही होती.

नांदेडात तर पाय धुणं कुणाला नवीन नाही. गोदावरीचा घाट आहे, सचखंड गुरुद्वाऱ्यात पाय धुऊनच आत जातात. मग स्टेशनवरच्या बायकांच्या खोलीत एक खालचा नळ आणि एक छोटा ओटा का असू नये? माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांनाही तो उपयोगी पडेल. स्टेशनवर तक्रारवही असते. नातीनं सांगितलं की आता मोबाइलवरूनही सूचना पाठवता येते. मी तिला पाठवायला लावली आहे, काय होतं ते कळवीन.

आणि हो, त्या दिवशीच्या त्या बाई. नमाज झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. परभणीला लेकीकडे निघाल्या होत्या. मी त्यांना माझ्याकडची पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बाटली घेतली, दोन घोट पाणी प्यायल्या आणि झाकण लावून परत दिली. मग मीही प्याले. नात म्हणाली, "आजी, तू कुणाची उष्टी बाटली कधी घेत नाहीस!"

खालांच्या घराची ती भिंत भूकंपाच्या वर्षी पडली, १९९३ ला. आड अजून आहे. गेल्या वर्षी गेले तेव्हा त्यावर लोखंडी जाळी टाकलेली होती आणि आत पाणी दिसत होतं.